प्रकाशाने मज्जातंतू वाढतात का? एका वाक्याची तपासणी

 

आजचा विषय विज्ञानातला आहे आणि मी वैज्ञानिक नाही. माझं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. तेव्हा एखादं उपकरण कसं बनवावं हे मी सांगणार नाही. एखादं वाक्य समोर आलं तर ते कसं तपासावं, एवढं मात्र मला सांगता येईल. तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही पहिली सवय हीच लावायचो. वाक्य फळ्यावर लिहा, त्यातली पदं सुटी करा, प्रत्येक पदाने काय कबूल केलं आहे ते विचारा, आणि मग वाक्य पुन्हा जोडून बघा.

आजचं वाक्य असं : 'प्रकाशावर चालणारी, शरीरात बसवता येणारी सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक उपकरणं मज्जातंतूंची वाढ घडवून आणतात.' अशा अर्थाच्या बातम्या गेल्या काही वर्षांत तुमच्याही मोबाइलवर आल्या असतील. हे वाक्य खोटं आहे असं मी म्हणत नाही. त्याच्यामागे प्रामाणिक आणि अतिशय अवघड असं काम आहे. पण त्यात तीन निरनिराळ्या ठिकाणची कामं एका दोऱ्यात ओवली गेली आहेत. अपघातानंतर ज्याची बोटं हलत नाहीत असा माणूस हे वाक्य वाचतो, तेव्हा तो जे ऐकतो ते वाक्यात लिहिलेलंच नसतं. टीका करायची ती या अंतरावर. शेवटच्या पदापासून सुरुवात करू.

पहिलं पद : 'वाढ घडवून आणतात'

आपल्या हातापायांतल्या मज्जातंतूंची रचना मोठी विलक्षण आहे. चेतापेशीचा देह मणक्यात किंवा मणक्याच्या शेजारी असतो, आणि तिथून निघालेला तिचा धागा थेट बोटांपर्यंत जातो. देह सूक्ष्मदर्शकाखाली बघावा एवढा आणि धागा कधी कधी मीटरभर लांब. हा धागा मध्येच कापला गेला तर पेशीपासून तुटलेला भाग मरतो. ऑगस्टस वॉलर या संशोधकाने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेतल्या तंतूंवर हे दाखवून दिलं. पेशीशी जोडलेला भाग मात्र जिवंत राहतो आणि पुन्हा वाढायला लागतो. म्हणजे वाढ ही त्या पेशीचीच शक्ती आहे. ती बाहेरून कोणी आणून द्यावी लागत नाही.

मग अडतं कुठे? वेळेवर. हा धागा दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत ४० सेंटिमीटर धरले तर ४०० दिवस झाले. तिकडे स्नायू इतका काळ धीर धरत नाही. वर्ष-दीड वर्षात तंतू पोचला नाही, तर तो स्नायू पुन्हा कामाला लागण्याची शक्यता फार कमी होते.

इथे वीज येते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात टेसा गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. उंदरांच्या मांडीतला तंतू कापला, शिवला, आणि शिवल्याबरोबर त्याला सेकंदाला २० या गतीने विजेचे हलके ठोके दिले. एरवी हालचालीचे सगळे तंतू ठरावीक अंतर पार करायला ८ ते १० आठवडे घेत. ते आता ३ आठवड्यांत पोचले. गंमत म्हणजे १ तासाच्या ठोक्यांनी जे साधलं, त्यापेक्षा दोन आठवडे ठोके देऊन काही जास्त साधलं नाही.

आता यातल्या दोन बारकाव्यांकडे लक्ष द्या, कारण बातमीत ते येत नाहीत. एक : ठोक्यांचा संदेश उलट दिशेने पेशीच्या देहापर्यंत जाऊ दिला नाही, तर सगळा फायदा नाहीसा झाला. म्हणजे वीज धाग्याचं टोक धरून त्याला पुढे ओढत नव्हती. पेशीच्या घरी निरोप जात होता, आणि वाढीची तयारी पेशी स्वतः करत होती. दोन : २००२ मध्ये त्याच परंपरेतल्या संशोधकांनी दाखवलं, की धाग्याचा वाढीचा वेग वाढलेलाच नाही. कापलेल्या जागी तंतू रेंगाळतात; कोणी लवकर ओलांडतं, कोणी आठवडेच्या आठवडे अडून बसतं. विजेमुळे हे रेंगाळणं कमी झालं.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला हे लगेच कळेल. बियाणं रात्रभर भिजवून पेरलं तर ते लवकर आणि एकसारखं उगवतं. पण भिजवलं म्हणून रोप पुढे रोज दोन बोटं जास्त वाढत नाही.

पाणिनीने व्याकरणात 'कर्ता' आणि 'करण' यांत भेद केला आहे. क्रियेत जो स्वतंत्र असतो तो कर्ता. क्रिया साधायला सर्वांत उपयोगी पडतं ते करण. कुऱ्हाडीने झाड तुटतं, पण तोडणारा कुऱ्हाड नव्हे. 'उपकरणं वाढ घडवून आणतात' या वाक्यात करण गुपचूप कर्त्याच्या जागी जाऊन बसलं आहे. हा नुसता व्याकरणाचा कीस नाही. कर्ता चुकला की आशा चुकते. वाढवणारं उपकरण असेल तर जास्त वेळ लावलं की जास्त वाढ, असं कोणालाही वाटेल. वाढणारी पेशी असेल तर प्रश्न बदलतात : पेशी जिवंत आहे का, जखम होऊन किती दिवस झाले, पुढचा रस्ता मोकळा आहे का?

हा रस्ता महत्त्वाचा आहे. हातापायांतले तंतू वाढतात, पण मेंदू आणि मज्जारज्जूतले तंतू तुटले तर जवळजवळ वाढत नाहीत. रामोन इ काखाल यांनी हे निरीक्षण शंभर वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलं होतं. पुढे १९८१ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये डेव्हिड आणि अग्वायो यांनी उंदरांत पायातल्या मज्जातंतूचा तुकडा पुलासारखा बसवून दाखवला, तेव्हा मज्जारज्जूतल्या पेशींनीही त्या पुलातून धागे लांबवर नेले. म्हणजे तिथेही बियाण्यात दम होता. माती नाही म्हणत होती. तेव्हा मणक्याला मार बसलेल्या माणसाच्या घरी ही बातमी पोचते, त्या वेळी 'मज्जातंतू' हा एकच शब्द दोन अगदी निराळ्या जमिनींसाठी वापरलेला असतो, हे सांगणारं कोणीतरी हवं.

दुसरं पद : 'प्रकाशावर चालणारी'

आत्ता सांगितलेल्या प्रयोगांत प्रकाश कुठेच नव्हता, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तिथे साध्या तारा होत्या. अल्बर्टातल्याच गटाने २०१० मध्ये माणसांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला : मनगटात तंतू दाबला जाणाऱ्या, कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात त्या विकाराच्या शस्त्रक्रियेनंतर १ तास वीज दिली. तीही तारांनीच.

मग प्रकाश कशाला? तार त्वचेतून बाहेर आली की तिच्या वाटेने जंतू आत जातात. बॅटरी आत ठेवली तर ती जागा खाते आणि कधीतरी संपते. प्रकाशाला भोक पाडावं लागत नाही. अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवून बघा; बोट लाल दिसतं. बाकीचे रंग आत शोषले जातात, लाल आणि त्याच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश काही अंतर पार करतो. आत सिलिकॉनची पातळ चकती असेल, तर छपरावरच्या सौर पॅनेलसारखी ती त्या प्रकाशाची वीज करते. कल्पना अशी सोपी आणि सुंदर आहे.

पण 'चालणारी' या शब्दात दोन अर्थ लपले आहेत. प्रकाश ऊर्जा देतो की फक्त कळ दाबतो? अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने २०२५ मध्ये तांदळाच्या दाण्याहून लहान पेसमेकर जाहीर केला : ३.५ मिलिमीटर लांब, १.८ रुंद, १ जाड. त्यात त्वचेवरच्या पट्टीतून येणारा प्रकाश फक्त बटणाचं काम करतो. वीज तयार होते ती दोन धातू आणि शरीरातलं द्रव यांच्यापासून. हा पेसमेकर 'प्रकाशावर चालतो' म्हणणं म्हणजे घरातला पंखा बटणावर चालतो म्हणण्यासारखं आहे.

स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या पायातल्या तंतूभोवती जे पातळ सेंद्रिय उपकरण बसवलं, त्यात मात्र ऊर्जासुद्धा प्रकाशाचीच होती. गडद लाल प्रकाशावर ते १०० दिवसांहून जास्त टिकलं. चीनमधल्या त्सिंगहुआ विद्यापीठातल्या गटाने २०२२ मध्ये शरीरात विरघळणाऱ्या सिलिकॉनच्या चकत्या दाखवल्या. त्यांचा एक थर खाली-वर केला की त्याच प्रकाशाने चेतापेशी उत्तेजित करता येते किंवा शांतही करता येते. काम अप्रतिम आहे. पण उत्तेजित करणं ही एक क्रिया आणि वाढणं ही दुसरी. पहिली काही मिलिसेकंदांत होते; दुसरीला महिने लागतात. उत्तेजनाचा पुरावा वाढीच्या खात्यात जमा करता येत नाही.

आणखी एक प्रश्न आहे, आणि तो आपल्या कातडीचा आहे, शब्दशः. उंदराच्या पायात तंतू काही मिलिमीटर खोल असतो. माणसाच्या मनगटातही तो तसा वरच आहे, पण नितंबातून मांडीत उतरणारा मोठा तंतू कित्येक सेंटिमीटर आत आहे. तिथवर प्रकाश पोचेपर्यंत त्याचा फार थोडा अंश उरतो. शिवाय त्वचेतलं रंगद्रव्य प्रकाश शोषतं. कोविडच्या काळात आपण सगळ्यांनी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घेतले होते. २०२० च्या अखेरीस मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी दाखवलं, की रक्तातला प्राणवायू घसरलेला असूनही या यंत्राने तो न दाखवण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होतं. अवरक्त प्रकाशाला रंगद्रव्य कमी अडवतं हे खरं. पण सावळ्या त्वचेच्या देशात असं उपकरण येईल, तेव्हा 'कुणाच्या त्वचेवर तपासलं?' हा पहिला प्रश्न असला पाहिजे.

तिसरं पद : 'शरीरात बसवता येणारी'

बसवता येणारी. ठीक. मग पुढे? काम झाल्यावर ती वस्तू कुठे जाते? यावरून या उपकरणांच्या दोन जाती पडतात, आणि वाक्यात त्या एकाच ओळीत उभ्या आहेत.

पहिली जात काम करून निघून जाणारी. नॉर्थवेस्टर्न आणि वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये कागदासारखं पातळ उपकरण उंदरांच्या तुटलेल्या तंतूभोवती गुंडाळलं. रोज तासभर वीज, काही दिवस, आणि मग साधारण दोन आठवड्यांत ते शरीरातच विरघळून गेलं. ते रेडिओलहरींवर चालत होतं, प्रकाशावर नाही. आता वाढ, विरघळणं आणि प्रकाश ही तिन्ही एकत्र आणण्याचे प्रयत्न प्रयोगशाळांत प्राण्यांवर चालू आहेत. मला ही जात नैतिकदृष्ट्या सर्वांत स्वच्छ वाटते. सुईण येते, बाळंतपण करते, आणि आपल्या घरी जाते. तिला जन्मभर पोसावं लागत नाही.

दुसरी जात राहायला येणारी. तिचं आजचं सर्वांत पुढचं उदाहरण डोळ्यातलं आहे. स्टॅनफर्डचे डॅनियल पालंकर यांनी घडवलेली 'प्रीमा' ही चकती २ मिलिमीटर लांब-रुंद आणि ३० मायक्रॉन जाड असते. तिच्यावर ३७८ सूक्ष्म सौरघट आहेत. वार्धक्यात पडद्याचा मधला भाग झिजून गेलेल्या लोकांसाठी ती आहे. चष्म्यावरचा कॅमेरा चित्र घेतो, चष्मा ते अवरक्त किरणांनी डोळ्यात टाकतो, चकती त्याची वीज करते, आणि शिल्लक असलेल्या चेतापेशी तो संदेश पुढे नेतात. आपले नैयायिक म्हणत, डोळ्यातून तेजाचा किरण निघून वस्तूला भिडतो. जैन आणि बौद्ध आचार्यांना ते मान्य नव्हतं. इथे चष्म्यातून किरण निघतो आणि उलटा डोळ्यात शिरतो. असो. पाच युरोपीय देशांत ३८ रुग्णांवर प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष ऑक्टोबर २०२५ मध्ये आले. वर्षभराने ३२ जणांची तपासणी झाली, त्यांतल्या २६ जणांना वाचनात अर्थपूर्ण फरक पडला होता. यात प्रकाश खरोखर ऊर्जाही आहे आणि संदेशही. पण इथे एकही तंतू वाढवलेला नाही.

हे मी तटस्थपणे सांगतो आहे असं समजू नका. माझ्या डाव्या डोळ्यात हाच विकार सुरू झाला आहे. समोरच्या माणसाचा चेहरा मधोमध धुरकट आणि कडेचं दार स्वच्छ, असं दिसतं. उजव्या डोळ्यावर माझं वाचन चाललं आहे. तेव्हा ही चकती माझ्या डोळ्यात यावी का, हा प्रश्न माझ्यापुरता पुस्तकी नाही. आली तर हवी आहे. पण मी विचारीन : चष्मा बिघडला तर कोण दुरुस्त करणार?

कारण हे घडून गेलं आहे. 'आर्गस २' नावाचं रेटिनाचं रोपण, रेडिओवर चालणारं, ६० इलेक्ट्रोडचं, अमेरिकेत २०१३ मध्ये मान्य झालं. साडेतीनशेहून जास्त लोकांना ते बसवलं. २०१९ मध्ये सेकंड साइट या कंपनीने त्याचं उत्पादन थांबवलं, आणि २०२२ मध्ये 'आयईईई स्पेक्ट्रम' या नियतकालिकाने लिहिलं, की हे लोक आता दुरुस्तीविना, सुट्या भागांविना उरले आहेत. यंत्र डोळ्यात आणि मालक बाजारातून गायब. 'प्रीमा' विकसित करणारी पिक्सियम ही फ्रेंच कंपनीदेखील दिवाळखोरीत गेली. २०२४ मध्ये ते काम सायन्स कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीने घेतलं, म्हणून प्रयोग तडीस गेला. घेणारं कोणी भेटलं नसतं तर?

प्रकाशाने इथे एक गोष्ट चांगली केली आहे. आतलं यंत्र अगदी साधं झालं : बॅटरी नाही, तार नाही, बिघडायला फारसं काही नाही. सगळी गुंतागुंत बाहेर चष्म्यात आली. म्हणजे परावलंबन संपलं नाही, त्याने जागा बदलली. कुलूप माझ्या डोळ्यात आणि किल्ली कंपनीच्या कपाटात. मग किल्लीची दुसरी प्रत समाजाकडे असली पाहिजे. असं रोपण मान्य करतानाच, त्याला लागणाऱ्या प्रकाशाची लांबी, तीव्रता, ठोक्यांची गती आणि चष्म्याचा आराखडा हे सगळं सरकारी संस्थेकडे ठेवायला लावावं. कंपनी बंद पडली तर दुसऱ्या कोणाला तो चष्मा करता आला पाहिजे. प्रकाश कोणाच्या मालकीचा नसतो. या उपकरणांत तेवढी सोय मुळातच आहे. ती वापरायची की नाही हा आपला निर्णय आहे.

वाक्यात नसलेलं पद

तीन पदं झाली. चौथं वाक्यात नाही, पण वाचणारा तेच ऐकतो : 'बरं होणं'.

१९०३ साली इंग्लंडमध्ये हेन्री हेड या डॉक्टराने स्वतःच्या डाव्या हातातले संवेदनेचे तंतू मुद्दाम कापून घेतले, पुन्हा शिवून घेतले, आणि केंब्रिजमध्ये डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या मित्राबरोबर चार वर्षं त्या हाताची परीक्षा केली. त्यांचा वृत्तांत १९०८ मध्ये आला. त्यावर त्यांनी उभारलेला सिद्धान्त पुढे टिकला नाही, पण निरीक्षणं आजही वाचण्यासारखी आहेत. तंतू परत येऊ लागले तेव्हा स्पर्श आधी परत आला नाही. आधी आली ती विचित्र वेदना : टोचलं एका जागी आणि दुखलं भलत्याच जागी, पसरट आणि असह्य. बारीक, नेमका स्पर्श फार उशिरा आला.

तंतू वाढला हे सूक्ष्मदर्शक सांगतो. हात माझा झाला हे मीच सांगू शकतो. वाढलेला तंतू चुकीच्या घरीही जाऊन पोचतो. हालचालीचा तंतू त्वचेच्या वाटेला लागतो. मग चाचणीत वाढ शंभर टक्के आणि शर्टाचं बटण काही लागत नाही. म्हणून निष्कर्ष मोजताना मिलिमीटरबरोबर बटणही मोजा, असं माझं म्हणणं आहे.

आता वाक्य पुन्हा जोडू. 'हातापायांतला तंतू कापला गेल्यावर, वेळेत दिलेल्या विजेच्या ठोक्यांमुळे चेतापेशी स्वतःची वाढ लवकर सुरू करते. ही वीज आत पोचवण्याचा, तार आणि बॅटरी टाळणारा एक मार्ग म्हणून प्रकाश प्राण्यांमध्ये तपासला जात आहे.' लांबलं खरं. बातमीचा मथळा याचा होणार नाही. पण ज्याचा हात आहे त्याला हे वाक्य वाचून डॉक्टरांना काय विचारायचं ते कळेल.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : सर, माझ्या आईचे पाय मधुमेहामुळे बधिर झाले आहेत. बाजारात लाल प्रकाशाची यंत्रं मिळतात, नसा सुधारतात म्हणून. घ्यावं का?*

तुम्ही विचारलंत ते बरं झालं. मी डॉक्टर नाही, पण आज जे बोललो त्याचा आधार घेऊन कोणी ते यंत्र तुम्हाला विकू नये म्हणून सांगतो. मी सांगितलेल्या उपकरणांत प्रकाशाची वीज करणारी चकती शरीराच्या आत आहे. पायावर लाल दिवा धरला तर मध्ये ती चकतीच नाही. आणि वाढीचे जे प्रयोग मी सांगितले ते कापलेल्या किंवा दाबलेल्या तंतूंवरचे आहेत. मधुमेहात तंतू एका जागी तुटलेला नसतो, सगळी माती बिघडलेली असते. आईची साखर ताब्यात ठेवा, रोज रात्री तळपाय बघत जा, अनवाणी फिरू देऊ नका.

*प्रश्न : तुम्ही इतक्या अटी घातल्या, तर संशोधन थांबेल असं नाही वाटत?*

नाही. रुग्ण फसला की संशोधन थांबतं. एक कंपनी बुडाली आणि तिचे रुग्ण उघड्यावर पडले, तर पुढच्या प्रयोगाला कोण डोळा देईल? 'प्रीमा'च्या प्रयोगातल्या माणसांचं सरासरी वय ७९ च्या आसपास होतं. या वयात शस्त्रक्रिया करून घेऊन, महिनोन्‌महिने सराव करून, त्यांनी पुन्हा अक्षरं वाचली. माझ्याहून मोठी माणसं ती. त्यांच्या धीराची किंमत ठेवायची असेल, तर त्यांचा चष्मा दहा वर्षांनीही दुरुस्त होईल एवढी सोय करणं हे आपलं काम आहे.